कोजागरी म्हणा, 'गि' कुठून आणलात?

मैत्रिणींच्या गप्पांतून आलेला प्रश्न आहे. 2025 च्या ऑक्टोबरात शनिवार-रविवारचे बेत ठरत होते. एकीने लिहिलं, 'शनिवारी आमच्या गच्चीवर कोजागिरी, सगळ्या या गं.' दुसरी म्हणाली, 'अगं, कोजागिरी सोमवारी, 6 तारखेला आहे. शिवाय त्या दिवशी आमच्याकडे दादाची आश्विनी असते. त्याला ओवाळून होईपर्यंत आई कुणाला जागचं हलू देत नाही.' तिसरीने मग मला विचारलं: शब्द कोजागिरी की कोजागरी? आणि शनिवारी दूध प्यायलं तर त्याला कोजागिरी म्हणायचं का?

कोजागरी. दर आश्विनात सोसायटीच्या फळ्यावर, दुधाच्या मसाल्याच्या पाकिटावर, कार्यक्रमाच्या निवेदकाच्या तोंडी 'कोजागिरी' भेटते आणि मला मनापासून वाईट वाटतं. कारण या एका वेलांटीने शब्दातला जीवच जातो.

पौर्णिमा, चांदणं, आटवलेलं दूध हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देऊ. हा शब्द म्हणजे एक प्रश्न आहे. 'निशीथे वरदा लक्ष्मीः को जागर्तीति भाषिणी'. मध्यरात्री लक्ष्मी विचारत फिरते, 'को जागर्ति?', कोण जागं आहे? मूळ 'कः जागर्ति'. विसर्गापुढे मृदू व्यंजन आलं की 'अः'चा 'ओ' होतो, मनोरथ आणि यशोदा झाले तसाच. सबंध सणाचं नाव प्रश्नार्थक वाक्यातून यावं, ही केवढी सुंदर गोष्ट! असे शब्द आपल्याकडे मोजकेच. 'किं करोमि', काय करू, असं विचारत उभा राहतो तो किंकर. 'किं वदन्ति', लोक काय म्हणतात, ती किंवदंती. याच पंगतीत कोजागरी बसते.

आमची आजी हा शब्द आम्हांला करून दाखवायची. चाळीची गच्ची, शेगडीवर पितळी पातेलं, तिच्या हातात लांब दांड्याचा डाव. दूध निम्म्यावर येईस्तोवर आम्ही पोरं सतरंजीवर आडवी झालेली असायचो. मग ती डाव पातेल्याच्या कडेवर दोनदा वाजवायची आणि घोगरा आवाज काढून विचारायची, 'को जागर्ति?' जो 'मी जागा' म्हणून उठेल त्याच्या वाटीत साय. ज्याने तो डावाचा आवाज ऐकलाय, त्याला 'जागिरी' म्हणवतच नाही.

आता खरी गंमत. 'जागृ' या धातूतला 'जा' हे द्वित्व आहे, म्हणजे मूळ अक्षराचीच आधी आलेली पुनरावृत्ती; मूळ बीज पुढच्या 'गृ'मध्ये. तेच बीज ग्रीकमध्येही आहे. 'एग्रेगोरा' म्हणजे मी जागा आहे. त्यावरून 'ग्रेगोरेओ', पहाऱ्यावर असणं, आणि त्यावरून माणसाचं नाव ग्रेगोरिओस, म्हणजे सावध, जागता. हाच ग्रेगरी. तेराव्या पोप ग्रेगरींनी 1582 मध्ये पंचांग सुधारलं. त्या वर्षी इटली-स्पेनमध्ये 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला. आज मैत्रिणी 'शनिवार कितीला आहे' म्हणून जी तारीख बघतात ती त्याच ग्रेगोरियन कॅलेंडरातली. म्हणजे कोजागरीतला जागर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातला ग्रेगरी सख्खे नसले तरी एकाच कुळातले! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला खरोखरच झोप लागली नाही.

मग 'गि' आला कुठून? काही जाणकार सांगतात, पुढच्या 'री'तल्या ईकाराने मागच्या 'ग'ला ओढून घेतलं, उच्चारसौकर्य, विषय संपला. मला हे साफ अमान्य आहे. तसं असतं तर आपण सागिरी किनारा म्हटलं असतं, नागिरी सुविधा म्हटलं असतं, डोंगिरी किल्ला म्हटलं असतं. कोण म्हणतं? एकट्या कोजागरीलाच हे सौकर्य का सुचावं?

माझं मत वेगळं आहे आणि मी ते वर्षानुवर्षं मांडतो आहे. हा ओढा फारसीतून आलेल्या शब्दांचा. फारसीत 'गर' म्हणजे करणारा आणि 'गीर' म्हणजे धरणारा, घेणारा; जहांगीर म्हणजे जग कब्जात घेणारा. मराठी कानाला हा भेद फारसा टिकवावासा वाटला नाही. मूळ कारीगर, त्याचा आपण कारागीर केला. पाहा, 'गर'चा 'गीर' आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे! त्यात मुलूखगिरी, गुलामगिरी, पुढे दादागिरी. दा-दा-गि-री, को-जा-गि-री, साचा तोच. कोकणातल्यांच्या जिभेवर रत्नागिरी आधीच बसलेली. तिथला 'गिरी' डोंगर असला तरी कानाला ठेका एकच. इतके साचे तयार असताना एकाकी 'जागरी' त्यांत ओतली गेली, यात मला शंका वाटत नाही.

'रूढ झालं ते शुद्ध' म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. बंगाली माणूस त्याच रात्री कोजागरी लक्ष्मीपूजा करतो. मिथिलेत नव्या नवरदेवाच्या घरी मखाणे वाटले जातात, त्या सणाला कोजगरा म्हणतात. त्यांना 'गि'ची गरज पडली नाही. आपल्याच घरात जागर, जागरण-गोंधळ, गावाची राखण करणारा जागल्या, गोव्यातला जागोर असा सगळा गोतावळा असताना, आपण या एकीलाच 'गिरी'च्या दारात नेऊन का सोडावं?

शनिवारचं म्हणाल, तर त्या रात्री त्रयोदशी होती. आटवलेलं दूध अवश्य प्यावं, भेंड्या लावाव्यात, पत्ते कुटावेत. त्याला दुधाचा बेत म्हणा, चांदण्याची बैठक म्हणा. 'को जागर्ति' विचारणारी लक्ष्मी सोमवारी येणार होती, तेव्हा कोजागरी सोमवारचीच.

आणि हो, आश्विनी. पौर्णिमेचा चंद्र अश्विनी नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून महिना आश्विन, आणि त्या पौर्णिमेला घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायचं ती त्याची आश्विनी. थोरलं अपत्य मुलगी असेल तर तिलाही ओवाळतात, हे त्या मैत्रिणीच्या आईला जरूर सांगा.