इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटची घरं समोरून एकसारखी, पण मागून इतकी वेगवेगळी का दिसतात?

कारण वास्तुविशारद जॉन वुड (धाकटा) याने आखून दिला तो फक्त दर्शनी भाग. त्यामागचं घर प्रत्येक मालकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बांधून घेतलं. 1767 ते 1775 दरम्यान ही 30 घरांची अर्धचंद्राकार रांग उभी राहिली. जागा घेणाऱ्याला समोरची बाजू नकाशाबरहुकूमच ठेवावी लागे, म्हणून 114 आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेले, ग्रीक शैलीचे) स्तंभ सलग एकाच राजवाड्याचे वाटतात. मागच्या गल्लीत गेलात की छपरांची उंची बदलते, खिडक्या एका ओळीत येत नाहीत, कुठे भिंत मध्येच पुढे आलेली दिसते. मला तर ही मागची बाजूच जास्त बोलकी वाटते. दगडातही हाच फरक आहे. समोर घडीव, बारीक सांध्यांचा मधाळ रंगाचा बाथ स्टोन आहे. हा चुनखडक खाणीतून काढल्यावर मऊ असतो, कोणत्याही दिशेने करवतीने कापता येतो आणि मग हवेत कडक होतो. मागे मात्र खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी ओबडधोबड दगड वापरला आहे.

एक लक्षात घ्या, समोरची बाजूही आज तंतोतंत मूळची नाही. व्हिक्टोरियन काळात (एकोणिसाव्या शतकात) अनेकांनी पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या खाली वाढवून घेतल्या. मूळ प्रमाण पाहायचं असेल तर क्रमांक 1 पाहा. तिथे आता संग्रहालय आहे आणि खिडक्या पूर्ववत केल्या आहेत.