विशी सरकारचे कागद चाळायला बसण्याआधी

अरे, एखाद्या इतिहासकाराने संशोधनाचे कागद अभिलेखागाराला दिले की आपल्याला वाटतं, घबाडच मिळालं. जरा थांब. त्या खोक्यात विशी सरकार, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी सहकार्य करणारं फ्रान्सचं सरकार, नसतं. त्या माणसाने त्यातून काय वेचलं, तेवढंच असतं. म्हणून आधी पाहायचं, त्याने कोणते कागद कधी पाहिले. विशीवर लिहिणाऱ्या रॉबर्ट पॅक्स्टन या अमेरिकन इतिहासकाराने काम सुरू केलं तेव्हा फ्रेंच दप्तरं जवळपास बंदच होती. त्याने दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेले जर्मन कागद वाचले, आणि विशी आपणहून सहकार्याला पुढे सरसावत होती हे त्यातूनच दिसलं. आज विशी सरकारचा प्रमुख पेताँ याचं दप्तर पॅरिसजवळच्या पिएरफितला, फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मागवता येतं, मालिका '२ एजी'. महायुद्धकाळातली दप्तरं खुली करणाऱ्या २०१५ च्या सरकारी आदेशानंतर तर बरंच खुलं झालंय.

इतिहासकाराच्या टिपणावरचा दप्तराचा जुना क्रमांक उतरवून घे आणि मूळ कागद बघच. टाइप केलेली नक्कल समासातलं सगळं गिळते. ऑक्टोबर १९४० च्या ज्यूविरोधी कायद्याचा मसुदाच घे ना: १८६० पूर्वी नागरिक झालेल्यांच्या वंशजांना सूट देणारी ओळ पेन्सिलीने खोडलेली आहे. ते अक्षर पेताँचं, हे २०१० मध्ये समोर आलं. 'म्हातारा बिचारा ज्यूंना वाचवत होता' म्हणणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली! असली पुसट पेन्सिल झेरॉक्सवर धड उमटत नाही.

आणि हो, फ्रेंच हस्ताक्षर वाचायचा सराव घरूनच करून जा. तिथे वाचनकक्षाची वेळ भुर्रकन संपते.