'अधीन' म्हणजे 'आज्ञाधारक' नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या 'अधीन' असावे असे येशूचा प्रेषित पौल बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात म्हणतो, त्याचा अर्थ शासन सांगेल ते मुकाट्याने करावे असाच घ्यायचा काय. शिवाय, शब्द 'अधीन' की 'आधीन'? शब्द 'अधीन' आहे, आणि छापील मजकुरात 'आधीन' पाहून माझे डोळे शिणले आहेत. पण त्याहून अधिक चीड येते ती 'अधीन असा, म्हणजेच आज्ञा पाळा' या उपदेशातील 'म्हणजेच'ची.

आज्ञापालनासाठी नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये 'हुपाकुओ' असा निराळा शब्द आहे. त्याच्या पोटात 'ऐकणे' हे क्रियापद दडलेले आहे, आणि 'मुलगा ऐकत नाही' असे रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते समजावून सांगण्याची गरज नाही. इफिसकरांस पत्रात मुलांना व दासांना उद्देशून हाच शब्द येतो. रोमकरांस पत्रात शासनाविषयी लिहिताना पौल 'हुपोतास्सो' हा शब्द योजतो. 'तास्सो' म्हणजे रचणे, क्रमाने लावणे. 'हुपो' म्हणजे खाली. पहिल्या दोनच वचनांत 'अधीन असावे', अधिकार 'नेमलेले' आहेत, जो 'आड येतो' तो आणि देवाची 'व्यवस्था' या चारही ठिकाणी पौलाने तास्सो या एकाच धातूची रूपे वापरली आहेत. त्याचा भर हुकमावर नसून रचनेतील स्थानावर आहे.

आता मराठीकडे पाहा. 'वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे' आणि पुढे 'देवापासून नाही असा अधिकार नाही' या शब्दांत 'अधि' पुन्हापुन्हा वाजतो. ग्रीकमधील तास्सोचा नाद मराठीने एका उपसर्गावर पेलला आहे, आणि हा निव्वळ योगायोग असेल असे मला कधीच वाटलेले नाही. संस्कृत कोशांतून 'अधीन'ची फोड 'अधि + इन', म्हणजे 'इनाकडे, धन्याकडे गेलेला', अशी केलेली आढळते. ती दिसायला गोंडस असली तरी तिची गरज काय, हे कोणी सांगत नाही. पाणिनीने (5.4.7) शेवटी 'अधि' असलेल्या समासाला 'ख' प्रत्यय सांगितला आहे, या 'ख'चा 'ईन' होतो आणि 'राजाधीन' सिद्ध होते, मग त्यात धनी शोधायचा कशाला? त्याहून मौजेचे सूत्र आहे 'अधिरीश्वरे' (1.4.97). त्यावर काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील जुन्या टीकेत, 'अधि ब्रह्मदत्ते पञ्चालाः' आणि 'अधि पञ्चालेषु ब्रह्मदत्तः' अशी दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात पांचाल ब्रह्मदत्ताखाली आहेत, दुसऱ्यात ब्रह्मदत्त पांचालांवर आहे, आणि दोन्हीकडे 'अधि' एकच आहे. म्हणून 'अधिकारी' आणि 'अधीन' हे एकाच नात्याच्या दोन टोकांवर उभे आहेत, आणि ते नाते उच्चारताना कोणी कोणाचा कोणता हुकूम मानला हे अद्याप सांगितलेले नसते.

हा भेद शुष्क व्याकरणाचा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या 5व्या अध्यायात येशूच्या नावाने उपदेश करू नका ही यहुदी न्यायसभेची मनाई झुगारून प्रेषित पेत्र म्हणतो की, आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. त्यानंतर प्रेषित फटके सोसतात, पण हात उगारत नाहीत, आणि उपदेशही थांबवत नाहीत. याला अधीन राहून आज्ञा मोडणे म्हणतात. फिलिप्पै शहरात तर पौलाने, चौकशीवाचून फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला तुरुंगाबाहेर न्यावे, असे बजावले होते. उलट 1525च्या जर्मन शेतकरी उठावात धर्मसुधारक मार्टिन लूथरने याच 13व्या अध्यायाच्या आधारे सरदारांना तलवार उपसायला सांगितले, आणि दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थनासाठीही त्याचाच आधार घेतला गेला; तेथील ख्रिस्ती धर्मपंडितांच्या 1985च्या 'कैरोस' निवेदनाने त्या अर्थाला 'राज्याचे धर्मशास्त्र' म्हणून ठणकावले. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायात, सत्ता श्वापदाच्या रूपात येते, हे तर 'म्हणजेच'वाल्यांना कधी आठवतच नाही.

माझ्या मताला विरोध करणारे पेत्राच्या पहिल्या पत्राचा 3रा अध्याय पुढे करतात, कारण तेथे पतीच्या अधीन असण्याचे उदाहरण म्हणून अब्राहामाची पत्नी सारा हिने त्याची आज्ञा मानल्याचे सांगितले आहे आणि दोन्ही ग्रीक शब्द शेजारीशेजारी आहेत. आक्षेप वजनदार आहे, हे मी मान्य करतो. परंतु अधीन असणारा बहुधा आज्ञाही पाळतो, एवढ्यावरून दोन्ही शब्द समानार्थी ठरत नाहीत. पावसात बहुधा छत्री उघडतात म्हणून कोणी छत्रीला पाऊस म्हणत नाही.

राहिला 'आधीन'. 'पराधीन', 'दैवाधीन', 'स्वाधीन' यांत संधीने झालेला दीर्घ आ लोक शब्दाचाच समजतात आणि 'पर', 'दैव', 'स्व' तोडून उरलेले 'आधीन' उचलतात. पाणिनीच्या सूत्रातही हा शब्द समासाच्या शेपटालाच घडतो, तेव्हा चूक निदान योग्य जागी झाली आहे. 'स्वाधीन'ची गंमत तर निराळीच आहे: संस्कृतात जो स्वतःच्याच ताब्यात, म्हणजे स्वतंत्र, तो स्वाधीन, मराठीत मात्र आपण चोराला पोलिसांच्या स्वाधीन करतो.