रत्नागिरीतल्या आमच्या सर्व्हरचं एचबीए कार्ड (सर्व्हर स्टोरेजला जोडणारं कार्ड) बदलल्यावर सर्व्हरला लन (स्टोरेजवर त्याला दिलेल्या डिस्क) दिसत नाहीत, काय करावं?

स्टोरेजवरच्या इनिशिएटर ग्रुपमध्ये (सर्व्हरच्या कार्डांच्या पत्त्यांच्या यादीत) नव्या कार्डाचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन, म्हणजे त्याच्या पोर्टचा पत्ता, घाला, लन परत दिसतील. तुमच्या सर्व्हरचा डेटा जागेवरच आहे. मास्किंग, म्हणजे कुठल्या सर्व्हरला कुठला लन दिसावा हे ठरवणं, सर्व्हरच्या नावावर चालत नाही, कार्डाच्या पोर्टच्या 16 आकडी हेक्साडेसिमल पत्त्यावर चालतं, आणि तो कार्डाबरोबर बदलतो. पॉवरमॅक्स, व्हीमॅक्स या स्टोरेज यंत्रांवर मास्किंग व्ह्यू म्हणजे इनिशिएटर (सर्व्हरचे पत्ते), पोर्ट (स्टोरेजचे पोर्ट) आणि स्टोरेज (लन) या तीन ग्रुपांची जोडणी. यातला फक्त पहिला बदलायचा. स्टोरेज ग्रुपला हात लावूच नका.

आधी सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या स्विचवर नवा पत्ता लॉगिन झालाय का ते बघा. नसेल तर मास्किंगमध्ये शोधून उपयोग नाही. केबल, एसएफपी (केबल ज्यात खोचतात ते छोटं मॉड्यूल) तपासा, फायबरचं टोक पुसा. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत हे आधी करावंच. लॉगिन असेल तर:

- झोनमध्ये (कोण कोणाशी बोलू शकतं याच्या स्विचवरच्या यादीत) नवा पत्ता घालून कॉन्फिगरेशन सेव्ह आणि अॅक्टिव्हेट करा. नुसतं सेव्ह केल्यानं काही होत नाही.
- इनिशिएटर ग्रुपमध्ये तोच पत्ता घाला.
- सर्व्हरवर रीस्कॅन करा, मल्टिपाथमध्ये (लनपर्यंतच्या अनेक वाटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळे पाथ मोजा. मगच जुना पत्ता काढा.

हमखास चूक होते ती पोर्टऐवजी नोडचा, म्हणजे अख्ख्या कार्डाचा, पत्ता घालण्यात. क्यूलॉजिक कार्डांत पोर्टचा पत्ता सहसा 21 ने सुरू होतो, नोडचा 20 ने. बाकीचे आकडे जवळजवळ सारखेच, म्हणून नजर फसते.

झोनिंग स्विच पोर्टवर आधारलेलं असेल आणि केबल त्याच पोर्टात असेल, तर झोनची पायरी लागणार नाही. मात्र सर्व्हर सॅनवरूनच (या स्टोरेज नेटवर्कवरूनच) बूट होत असेल, तर नव्या कार्डाच्या बायोसमध्ये बूट लन पुन्हा निवडावा लागेल.