सकाळी पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलासाठी

अगं, मुलगा शाळेच्या दिवशी पोट दुखतं म्हणतो आणि त्यात यंदा पैशांची ओढाताण, असं म्हणालीस ना? रविवारी न दुखणारं पोट शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं म्हणजे ते नाटक असतं असं नाही. भीतीनं पोट खरंच दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घे. काही निघालं नाही तर मात्र घरी ठेवत जाऊ नकोस. एक दिवस सुटका झाली की दुसऱ्या दिवशी शाळा आणखी अवघड वाटते. बाईंशी बोल, सुरुवातीला हवं तर मधल्या सुट्टीपर्यंतच बसव, मग वेळ वाढव. कुणी शिक्षक मारत किंवा टोचून बोलत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये दोन्हींना मनाई आहे, हे शाळेला सांगायला कचरू नकोस.

खर्चाचं म्हणशील तर आधी १४४१६ वर फोन लाव. टेली-मानस ही मनाच्या त्रासावर फोनवरून सल्ला देणारी सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. मग जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढ. रांगेत सकाळ जाते, पण खासगीत दर खेपेला जाणारे पैसे वाचतात. जास्तीची शिकवणी मात्र खुशाल बंद कर. घाबरलेल्या पोराला तिचा उपयोग कमी आणि ओझं जास्त. (आपल्याकडे शिकवणी सोडली की शेजारी विचारतात, ते विचारू देत.)

आणि फीचं बोलणं रात्री कुजबुजत करू नका. मुलं जागी असतात. "यंदा हात आखडता आहे, फी आम्ही बघतो, ती काळजी तुझी नाही," असं सरळ सांग.