वाचकांचे प्रश्न : वादळात वीज गेली तर

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून जवळच राहतो. माझ्या ३४ वर्षांच्या धाकट्या भावाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार आहे. तो बॅटरीवरची व्हीलचेअर वापरतो, हवेच्या गादीवर झोपतो आणि रात्रभर बायपॅप (मुखवट्यातून हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) लावतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे तीन आठवडे वीज नव्हती. तेव्हा त्याला बायपॅप लागत नसे. आता घरात १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : दोन रात्री भागेल, तीन आठवडे भागणार नाही, म्हणून तयारी या दोन्ही मुदतींची करावी लागेल. आधी हिशेब पाहू. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, परंतु बॅटरीचे वय आणि इन्व्हर्टरमधील घट लक्षात घेता निम्मेच, म्हणजे ९०० वॉट-तास, हाती धरावेत. बायपॅप ४० वॉट घेत असेल तर ते बावीस तास पुरतात. त्यावरच ७५ वॉटचा छताचा पंखा फिरत राहिला तर जेमतेम आठ. हवा दमट करणारा हीटर यंत्राची भूक बरीच वाढवतो, तेव्हा तो काही रात्री बंद ठेवला तर चालेल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवावे. (ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, आहे त्यांनी इन्व्हर्टरवर विसंबूच नये. साधारण ३५० वॉटचे ते यंत्र एवढी बॅटरी अडीच तासांत संपवते. त्यांना भरलेला सिलिंडरच हवा. दीड हजार लिटरचा लहान सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या गतीने सुमारे बारा तास चालतो.)

हा हिशेब नुसता कागदावर ठेवू नका. एखाद्या रविवारी संध्याकाळी घराचा मेन स्विच खाली करा आणि सकाळपर्यंत तसाच राहू द्या. बायपॅप कोणत्या वेळी कुरकुरतो, टॉर्च नेमका कोणत्या खणात सापडत नाही आणि विहिरीवरचा पंप बंद असताना पाणी कोण ओढणार, हे त्या एका रात्रीत जितके कळते तितके कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

हवेच्या गादीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पंप थांबला की काही गाद्या हळूहळू बसतात आणि माणूस थेट पलंगाच्या फळीवर येतो, तेही त्याला कदाचित न जाणवता. घरात जाड फोमची गादी तयार ठेवा, भावाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा आणि माकडहाड, टाचा यांवर लाली आली आहे का, हे टॉर्चच्या उजेडात पाहा. व्हीलचेअर वादळाच्या आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करा. नंतर तिच्यासाठी इन्व्हर्टर खर्ची घालू नका. मोटर सोडवून खुर्ची ढकलण्याची कळ कुठे आहे, हे शेजारच्या दोघांना दाखवून ठेवा.

जनरेटर आणायचा विचार असेल तर तो पडवीतही नको, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चेंजओव्हर स्विच (बाहेरची लाइन आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकच घराला जोडणारा) बसवल्याशिवाय तो घराच्या बोर्डाला जोडू नये; उलटी गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

लांबलेल्या अंधाराला मात्र माझ्या मते एकच खरे उत्तर आहे, ते म्हणजे वेळेत निघणे. हवामान खाते चक्रीवादळाची सूचना साधारण ४८ तास आधी देते आणि तेव्हा रस्ते मोकळे असतात. झाडे पडल्यावर खाटेवरून माणूस नेण्याची वेळ आणू नये. जनरेटर असलेले रुग्णालय किंवा आतल्या गावातील नातेवाइकांचे घर आजच ठरवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि त्यांना धोक्याची पूर्वसूचना देणे अपेक्षित आहे. म्हणून युडीआयडी कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) प्रतीसह, ‘श्वासाचे यंत्र विजेवर चालते’ असे स्पष्ट लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. वीज कार्यालयालाही तसेच पत्र द्या. त्याने तुमची वाहिनी आधी दुरुस्त होईलच असे नाही, पण घर त्यांना माहीत तरी होईल. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर लिहा. निसर्गच्या वेळी मोबाइलही मुके झाले होते, हे आपण जाणताच. तेव्हा दिवसातून दोनदा दारात येऊन विचारपूस करील असा माणूस वाडीत नेमून ठेवा.

प्रश्न : आम्हा पती-पत्नी दोघांनाही ऐकू येत नाही. अंधारात एकमेकांशी बोलणेच थांबते. काय करावे?

उत्तर : टॉर्च समोरच्याच्या डोळ्यांवर न रोखता बोलणाऱ्याने स्वतःच्या छातीजवळ धरून वर वळवावा, म्हणजे ओठ आणि हात दोन्ही दिसतात, हातवारे करण्यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून कंदिलासारखा उभा राहणारा दिवा अधिक बरा. श्रवणयंत्राचे सेल जास्तीचे आणून कोरड्या डबीत ठेवा. रात्री वाऱ्याने कौले उडाली तरी आवाजाने जाग येणार नाही, म्हणून इशारा असलेल्या रात्री दोघांनी आळीपाळीने झोपावे आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी.