इराणच्या फौजेतल्या बायका: त्या दोन फोटोंच्या मधलं

तुम्ही दिलेली फोटोंची जोडी माझ्याकडेही व्हॉट्सॅपवर वर्षातून दोनदा तरी येते. डावीकडे शाहाच्या, म्हणजे 1979 च्या इस्लामी क्रांतीने हटवलेल्या इराणच्या राजाच्या, काळातल्या, गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये संचलन करणाऱ्या मुली. उजवीकडे नखशिखांत काळ्या चादरीत, हातात रायफल घेतलेल्या बायका. खाली "क्रांतीआधी" आणि "क्रांतीनंतर". तुमचा प्रश्न असा, की इराणच्या सैन्यात तेव्हा खरंच बायका होत्या का, आणि 1979 नंतर त्यांना घरी बसवलं का?

दोन्हींचं उत्तर "हो" आहे, पण घोडं पेंड खातं ते त्यापुढे. डावीकडच्या मुलींपैकी पुष्कळ जणींचं काम शिकवण्याचं होतं. आणि बायकांच्या हातात बंदूक मोठ्या प्रमाणावर आली ती उजवीकडच्या काळात.

आधी शाहाचा काळ घेऊ. जानेवारी 1963 मध्ये शाहाने आपल्या "श्वेत क्रांती"वर सार्वमत घेतलं. जमीनसुधारणा, बायकांना मतदानाचा हक्क, आणि सिपाह-ए-दानिश. सिपाह म्हणजे फौज (आपला "शिपाई" त्याच घरातला), दानिश म्हणजे ज्ञान. कल्पना साधी होती. इराणात मुलांना सक्तीची लष्करी सेवा होती. शाळेचा शेवटचा डिप्लोमा झालेली शहरी पोरं बराकीत बसवून ठेवण्यापेक्षा त्यांना काही महिने प्रशिक्षण द्यायचं, गणवेश चढवायचा आणि खेड्यात मास्तर म्हणून पाठवायचं. मग त्याच धर्तीवर आरोग्याची फौज आली, शेती आणि ग्रामविकासाची आली. 1968 मध्ये कायदा करून डिप्लोमा झालेल्या अविवाहित मुलींनाही या सेवेत ओढलं. त्याच वर्षी फर्रुखरू पारसा शिक्षणमंत्री झाल्या, इराणच्या पहिल्या महिला मंत्री. हजारो मुलींनी गणवेश घातला, कवायत केली, परेडमध्ये पावलं जुळवली, आणि नंतर त्या खेड्यातल्या मुलामुलींना अक्षरओळख करून देत बसल्या. गणवेश फौजी, काम शाळेचं.

प्रत्यक्ष लष्करात आणि पोलिसांतही बायका होत्या, हे नाकारायचं नाही. पण बढतीची शिडी चढून रणगाड्यांची तुकडी चालवणारी बाई शाहाच्या सैन्यातही शोधून सापडायची नाही. परेड हा त्या राजवटीचा आवडता खेळ होता, आणि गणवेशातल्या मुली परेडमध्ये शोभून दिसत. माझं हे मत काही जणांना खटकेल, पण परदेशी पाहुण्यांना "बघा आम्ही किती पुढारलेले" हे दाखवण्याचा भाग त्यात मोठा होता. तरी खेड्यात गेलेल्या पोरीला त्यातून जे मिळालं ते खरंच होतं. घराबाहेरची पहिली नोकरी, स्वतःचा पगार, बापाच्या नजरेआड काढलेलं वर्ष-दीड वर्ष.

आता एक गंमत बघा. 1963 च्या नवरोजला (इराणी नववर्षाला), म्हणजे मुलींच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, कोमचे मौलवी आणि पुढे क्रांतीचे नेते झालेल्या खोमेनींनी एक जाहीर पत्रक काढलं होतं. त्यातला एक मुख्य आरोप असा, की हे सरकार समान हक्कांच्या नावाखाली अठरा वर्षांच्या पोरींना सक्तीने सैन्यात भरती करून बराकीत नेणार आहे. मौलवींच्या शाहाविरोधाच्या यादीत हा मुद्दा अगदी वरचा होता, कारण बाजारातल्या दुकानदारापासून शेतकऱ्यापर्यंत कुठल्याही बापाला तो लगेच पटायचा. त्यामुळे 1979 च्या फेब्रुवारीत राजवट कोसळल्यावर मुलींची सक्तीची सेवा बंद झाली यात नवल नव्हतं. त्याच सुमारास बायका न्यायाधीश होऊ शकणार नाहीत असं ठरलं, कुटुंबसंरक्षण कायदा गुंडाळला गेला, आणि नोकरीवर हिजाबशिवाय येऊ नये असं बोलणं सुरू झालं. 8 मार्चला तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका त्याविरुद्ध उतरल्या. पारसाबाईंना मे 1980 मध्ये मृत्युदंड दिला गेला.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, आणि फोटोंची जोडीही इथेच थांबते. यापुढे गुंता सुरू होतो.

मरझिये हदीदची दब्बाग हे नाव ऐकलंय का? हमदानची बाई, आठ मुलांची आई. शाहाच्या गुप्त पोलिसांनी, सावाकने, तिला पकडून तिचे हाल केले. सुटल्यावर ती देश सोडून गेली, लेबनॉन-सीरियाकडे शस्त्रांचं शिक्षण घेतलं, आणि 1978 मध्ये पॅरिसजवळच्या नोफ्ल-ले-शातो गावात खोमेनी राहत होते तेव्हा त्यांच्या घरात सुरक्षेचं काम बघायला लागली. क्रांतीनंतर ती हमदानमध्ये पासदारानची, म्हणजे आपण ज्याला रिव्होल्युशनरी गार्ड म्हणतो त्या दलाची, कमांडर झाली. पुरुषांची कमांडर. पुढे खासदारही झाली. जानेवारी 1989 मध्ये खोमेनींनी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना पत्र पाठवलं, ते घेऊन मॉस्कोला गेलेल्या तिघांत ही एकटी बाई. गोर्बाचेव्हनी हात पुढे केला तेव्हा हिने हातावर चादर ओढून मग हात मिळवला, असा किस्सा इराणात सांगतात. मला त्या क्रांतीचं अख्खं गणित या एका हस्तांदोलनात दिसतं. हात पुढे करायचा, पण कापडाच्या आतून.

(जाता जाता: आपली अंथरायची चादर आणि त्यांची अंगभर घ्यायची चादर हा एकच शब्द. फारसीतून आपल्याकडे येता येता ती अंगावरून गादीवर गेली.)

मग 22 सप्टेंबर 1980 ला इराक घुसला आणि सगळे नियम बाजूला पडले. सीमेवरचं खोर्रमशहर ऑक्टोबरअखेर पडलं, पण त्याआधी महिनाभर घरोघरी झुंज झाली. जहरा हुसेनी तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिल्या दिवसांत ती जन्नताबाद कब्रस्तानात बायकांची प्रेतं धुवायला गेली, कारण धुणाऱ्या बायका कमी पडत होत्या. त्याच कब्रस्तानात काही दिवसांनी तिने बापाला पुरलं, मग भावाला. मग जखमी उचलायला लागली, बंदूक घेतली, आणि स्वतः बॉम्बच्या तुकड्याने जखमी झाली. तिला कुणी भरती केलं नव्हतं, रँक नव्हती, सेवापुस्तिका नव्हती.

उत्तरेकडे कर्मानशाह प्रांतात, गिलान-ए-गर्बजवळच्या खेड्यातली फरंगीस हैदरपूर. कुर्द शेतकरी पोरगी, अठराची. गाव सोडून डोंगरात लपलेल्यांसाठी खायला आणायला परतली असताना दोन इराकी सैनिक समोर आले. बापाच्या कुऱ्हाडीने तिने एकाला मारलं, दुसऱ्याला पकडून नेलं. कर्मानशाहमध्ये तिचा कुऱ्हाडीसकट पुतळा आहे. राज्याला ही प्रतिमा फार सोयीची वाटते, कारण कुऱ्हाडवालीला पेन्शनबिन्शन, बढती, छावणी काही लागत नाही.

पुतळे नसलेल्यांची यादी लांब आहे. अंदिमेश्कला आघाडीमागच्या रुग्णालयाच्या धुलाईघरात शहरातल्या बायका दिवसच्या दिवस रक्ताने भरलेले गणवेश आणि चादरी धूत बसायच्या, आणि धुताना कापडात काय काय सापडायचं ते त्यांनी पुढे सांगितलंय, मी इथे लिहीत नाही. मासूमे आबाद आणि आणखी तीन तरुणी युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत इराक्यांच्या हाती लागल्या, आणि तीन वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी राहिल्या.

आता प्रश्न असा, की ज्या खोमेनींनी "पोरींना बराकीत नेतात" म्हणून रान पेटवलं, त्यांच्याच राज्यात बायकांना रायफल चालवायला शिकवलं कसं? इथे शिया फिक्हमधला, म्हणजे धर्मशास्त्रातला, एक भेद कामाला आला. चढाई करून जाण्याचा जिहाद बाईवर बंधनकारक नाही, पण देशावर हल्ला झाला तर बचाव, ज्याला ते "दिफा" म्हणतात, तो सगळ्यांवर बंधनकारक. आणि बचाव कर्तव्य असेल तर त्याचं शिक्षण घेणंही कर्तव्य. नोव्हेंबर 1979 मध्ये खोमेनींनी दोन कोटींच्या फौजेची हाक दिली, तिच्यातून बसीज ही स्वयंसेवकांची फौज उभी राहिली, आणि तिच्यात "खाहरान" म्हणजे भगिनींची शाखा. मशिदीत वर्ग, मैदानात कवायत, चादर सावरत नेमबाजी. उजवीकडचा फोटो बहुधा इथलाच. हे शिक्षण घेतलेल्यांपैकी बहुतेकींना आघाडीवर कुणी पाठवलं नाही. शहराचा बंदोबस्त, नाकाबंदीवर बायकांची झडती, रुग्णालय, शिधा, आणि शेजारपाजारच्या बायकांवर नजर.

थोडक्यात, आधी गणवेश होता आणि बंदूक परेडपुरती. नंतर बंदूक आली, पण नोकरी नाही. नोकरीचं दार कायद्यानेच अरुंद ठेवलं. 1987 च्या लष्कर कायद्याचं 32 वं कलम म्हणतं, की लष्कर बायकांना फक्त उपचार आणि आरोग्याच्या कामांसाठी घेऊ शकतं. 1991 च्या पासदारानच्या नोकरभरती कायद्यात 20 वं कलम जरा सैल आहे: ज्या कामांना बाईच लागते, तिथे बाई घ्यावी. ती कामं कोणती हे ठरवणार अर्थातच पुरुष.

हे वाचून "बघा, मुल्लांचं राज्य" म्हणायची घाई करू नका. 1987 मध्ये आपल्याही सैन्यात बायका फक्त डॉक्टर आणि नर्स म्हणूनच होत्या. इतर शाखांचं दार 1992 मध्ये किलकिलं झालं, कायम कमिशनसाठी 2020 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात भांडावं लागलं, आणि पुण्याच्या खडकवासल्यात एनडीएमध्ये मुलींची पहिली तुकडी 2022 मध्ये आली. फरक इतकाच, की आपण गोगलगायीच्या गतीने का होईना पुढे सरकत होतो, आणि त्यांच्याकडे उघडलेलं दार लावून घेतलं होतं.

ते पुन्हा उघडलं पोलिसांकडून, आणि तेही गरजेपोटी. बायका-पुरुषांचं जग वेगळं करायचं म्हटलं, की बाईची झडती घ्यायला, बाईला अटक करायला बाईच लागते. नव्वदच्या दशकात कामानिमित्त तेहरानला जाणं झालं, तेव्हा विमानतळावर माझ्या बायकोला पडद्याआड नेलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आत चादरीतल्या दोघी बसल्यात, एक पर्स बघते आणि दुसरी माझा रुमाल नीट बसलाय का ते." या एका वाक्यात त्या खात्याची दोन्ही कामं आली. 2003 मध्ये क्रांतीनंतरची महिला पोलीस अधिकाऱ्यांची पहिली तुकडी तेहरानच्या अकादमीतून बाहेर पडली. त्या पुढच्या वर्षांतले फोटो तुम्ही पाहिले असतील: काळी चादर फडफडत असताना दोरावरून इमारतीच्या भिंतीवरून खाली उतरणाऱ्या पोरी. हसणाऱ्यांनी हसावं. चादर घालून तसं उतरायला कसब लागतं. याच पोलीस दलाच्या गश्त-ए-इर्शादच्या, म्हणजे हिजाब नीट आहे का ते बघणाऱ्या गस्तीच्या, व्हॅनमध्येही चादरीतल्या बायका असायच्या, आणि सप्टेंबर 2022 मध्ये कोठडीत मरण पावलेल्या महसा अमिनीला ताब्यात घेणारी गस्त ती हीच.

आणखी एक बाजू राहते. इराणच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्यांतही बायका होत्या, आणि तिथे त्यांना अधिकारही जास्त होते. मुजाहिदीन-ए-खल्क या सरकारविरोधी सशस्त्र संघटनेने 1987 मध्ये इराकच्या भूमीवर सैन्य उभारलं, त्यात बायका रणगाड्यांवर आणि कमांडमध्ये होत्या. कुर्दिस्तानात कोमला या डाव्या कुर्द संघटनेच्या बायकांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंदुका उचलल्या. यातलं पहिलं उदाहरण फार गोडवे गाण्यासारखं नाही, त्या संघटनेच्या आतल्या शिस्तीबद्दल बाहेर पडलेल्यांनी जे सांगितलंय ते अंगावर येतं. तो वेगळा धागा होईल.

आणि आजची स्थिती: सक्तीची सेवा आजही फक्त मुलांना. ती केल्याशिवाय किंवा माफी मिळाल्याशिवाय मुलाला साधा पासपोर्ट मिळवताना नाकीनऊ येतात. मुलीला ही अट नाही. पण लग्न झालं, की पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी परवानगी लागते. हे कलम मुल्लांनी आणलं असेल असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटायचं. ते 1973 च्या पासपोर्ट कायद्यातलं आहे, शाहाच्या राज्यातलं. डावीकडच्या फोटोतली मुलगी गणवेश उतरवून लग्न करती झाली, की तिलाही तीच सही लागायची.